काँक्रीटचे आयुष्य आणि उडती राख

बळकटी आणि टिकाऊपण

एखादे बांधकाम किती भार पेलू शकेल, याचा हिशोब ते उभारण्यापूर्वीच केला जातो. ते किती वर्षे टिकेल, हा प्रश्न मात्र बहुधा त्यास तडे गेल्यावर विचारला जातो. वास्तविक बळकटी आणि टिकाऊपण हे काँक्रीटचे दोन निरनिराळे गुण आहेत. पहिल्या वर्षी अपेक्षेहून अधिक भार पेलणारे काँक्रीट विसाव्या वर्षी निकामी झालेले आढळते. उलट, आरंभी सावकाश बळ धरणारे काँक्रीट पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहिल्याची उदाहरणेही आहेत.

गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवर असलेला पूल १९८६ साली कोसळला. तो बांधून तेव्हा पुरती वीस वर्षेही झालेली नव्हती. खाडीच्या खाऱ्या व दमट वातावरणात पुलातील पोलादी तारा गंजल्या, हे या दुर्घटनेचे एक प्रमुख कारण मानले जाते. पुलाने आपल्या उमेदीच्या काळात भार पेलला नाही असे नव्हे. तो भोवतालच्या परिसराशी टिकाव धरू शकला नाही.

काँक्रीटवर रासायनिक हल्ला करणाऱ्या अशा परिसरास आक्रमक परिसर म्हणतात. समुद्रकिनारा, खाडी, जिप्समयुक्त अथवा खारवट जमीन, सांडपाण्याची गटारे, रासायनिक कारखान्यांचे आवार ही त्याची ठळक उदाहरणे होत. भारतीय मानक ४५६ मध्ये परिसराचे सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि आत्यंतिक असे पाच वर्ग केलेले आहेत. सळयांच्या काँक्रीटमध्ये सौम्य परिसरासाठी सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीपर्यंत पाणी चालते; आत्यंतिक परिसरासाठी ते ०.४० पटीहून अधिक चालत नाही. परिसर जितका कठोर, तितके पाणी कमी, असा हा नियम आहे. त्याचे कारण काँक्रीटच्या घडणीत शोधावे लागते.

काँक्रीटची अंतर्रचना

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांच्या मिश्रणाने काँक्रीट तयार होते. वाळू व खडी हा त्याचा सांगाडा असून त्यास एकजीव करण्याचे काम सिमेंटचा लगदा करतो. हा लगदा वाळून घट्ट होतो, अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाही. चिखल वाळतो, सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून दगडासारखे कठीण होते. म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होऊ शकते.

या संयोगातून मुख्यतः दोन पदार्थ निर्माण होतात. पहिला, कॅल्शियम व सिलिका यांचा चिवट, जवळजवळ अविद्राव्य असा जेल. काँक्रीटची बळकटी ही मुख्यतः याचीच देणगी होय. दुसरा पदार्थ कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपल्या परिचयाचा विरलेला चुना. पूर्ण संयोग झालेल्या लगद्यातील घन पदार्थांच्या आकारमानात या चुन्याचा वाटा पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका असतो. बळकटीत त्याचा वाटा अल्प असतो आणि तो पाण्यात थोडाथोडा विरघळतो. तथापि त्याचा एक मोठा उपकारही आहे. त्याच्यामुळे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी राहते, आणि अशा माध्यमात पोलादी सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर जमतो. हा थर शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. चुन्याचा हा दुहेरी स्वभाव वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

आता पाण्याचा विचार करू. ५० किलोग्रॅमच्या एका पोत्यातील सिमेंटला रासायनिक संयोगासाठी सुमारे १२ लिटर पाणी लागते. आणखी काही पाणी जेलच्या सूक्ष्म रचनेत अडकून राहते. कामावर मात्र मिश्रण सहज पसरावे म्हणून २५ लिटर, आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक पाणी ओतले जाते. हे जादा पाणी कालांतराने उडून जाते व आपल्या जागी अत्यंत बारीक, परस्परांना जोडलेल्या नलिका सोडून जाते. डोळ्यांना अखंड शिळेसारखे भासणारे काँक्रीट अशा रीतीने सच्छिद्र असते. त्याचे शत्रू आत शिरतात ते याच वाटांनी.

काँक्रीटचे शत्रू

पहिला शत्रू सल्फेट. समुद्राचे पाणी, जिप्समयुक्त जमिनीतील पाणी आणि कित्येक कारखान्यांचे सांडपाणी यांत सल्फेट क्षार असतात. काँक्रीटमध्ये शिरल्यावर त्यांचा चुन्याशी संयोग होऊन जिप्सम बनते. सिमेंटमधील अॅल्युमिनायुक्त संयुगांशी त्यांचा संयोग झाला म्हणजे एट्रिंगाइट नावाचे सुईच्या आकाराचे स्फटिक तयार होतात. हे स्फटिक मूळ पदार्थांहून अधिक जागा व्यापतात, आणि घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये जागा नसल्यामुळे त्यास आतून फोडतात. मिखाएलिस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पदार्थाला सिमेंटचा जंतू असे नाव दिले होते.

दुसरा शत्रू क्लोराइड. एक लिटर समुद्रपाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. काँक्रीटला स्वतःला त्याची फारशी बाधा होत नाही; परंतु ते सळईपर्यंत पोहोचले की तिच्यावरील संरक्षक थर ठिकठिकाणी भेदला जातो आणि गंज सुरू होतो. गंज हा मूळ पोलादाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो. त्या दाबाने सळईवरील काँक्रीटचा पापुद्रा सुटतो, सळई उघडी पडते आणि गंजण्याचा वेग आणखी वाढतो. किनाऱ्यावरील इमारतींच्या खांबांवर सळईच्या रेषेत उभे तडे दिसतात, ते बहुधा याचेच निदर्शक असतात.

तिसरा शत्रू हवेतील कार्बन डायॉक्साइड. हवेच्या दहा हजार भागांत त्याचे प्रमाण जेमतेम चार भाग असले, तरी त्याचे काम अविरत चालू असते. तो छिद्रांतून आत जातो आणि चुन्याचे रूपांतर चुनखडीत करतो. त्यामुळे काँक्रीटचा अल्कधर्म कमी होतो आणि क्लोराइडचा लवलेश नसतानाही सळईचे कवच नाहीसे होते.

चौथा शत्रू काँक्रीटच्या घरातलाच आहे. काही जातींच्या खडीतील सिलिकेचा सिमेंटमधील सोडियम व पोटॅशियम यांच्या अल्कांशी संयोग होतो. त्यातून निर्माण होणारा जेल पाणी शोषून फुगतो आणि पृष्ठभागावर नकाशातील रेषांसारख्या भेगा उमटतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात टॉमस स्टँटन यांनी १९४० साली या दोषाचे निदान केले.

राख कोठून येते?

औष्णिक वीजकेंद्रात कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकला जातो. क्षणार्धात तो जळून जातो. परंतु त्यातील मातीचा अंश जळत नाही. तो भट्टीच्या प्रखर उष्णतेत वितळतो, धुराबरोबर वर उडत असताना झपाट्याने थंड होतो आणि त्याच्या बारीक, काचेसारख्या गोळ्या बनतात. धुराड्यातून बाहेर पडण्यापूर्वी विद्युत् यंत्रणेच्या साहाय्याने त्या पकडल्या जातात. हीच उडती राख अथवा फ्लाय अॅश. तिचे कण सामान्यतः एक ते शंभर मायक्रॉन व्यासाचे असतात. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रॉन असते, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारणपणे शेकडा ३० ते ४५ असते. २०२१-२२ या वर्षात देशातील वीजकेंद्रांतून सुमारे २७ कोटी टन राख निघाली. ती नुसती साठवून ठेवली तर जमीन अडते, वाऱ्याबरोबर धूळ उडते आणि पाणी दूषित होते. यास्तव तिचा उपयोग करणे हे वीजकेंद्रांवर कायद्याने बंधनकारक करण्यात आले आहे. परंतु टाकाऊ वस्तूची विल्हेवाट लावण्यासाठी ती काँक्रीटमध्ये घातली जाते, असे समजणे चुकीचे ठरेल. योग्य राख हा काँक्रीटचा एक गुणकारी घटक आहे.

जुनी परंपरा

या कल्पनेचे मूळ प्राचीन आहे. इटलीत नेपल्सच्या उपसागराभोवती सापडणारी ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली असता तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो, हे रोमन लोकांस ठाऊक होते. व्हिट्रुव्हियस या स्थपतीने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्याचे वर्णन केले आहे. तेथील पुत्झुओली या गावावरून अशा पदार्थांस पोझोलाना हे नाव पडले. रोमनांनी समुद्रात रचलेल्या धक्क्यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. अर्थात त्यांच्या काँक्रीटमध्ये गंजण्यास पोलाद नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

भारतात हेच कार्य सुरखीने केले. भाजलेल्या विटांची पूड चुन्याबरोबर घाणीत मळून गवंडी बांधकामाचा चुना तयार करीत. १८८७ ते १८९५ या काळात बांधलेल्या मुल्लापेरियार धरणाच्या गाभ्यात चुना-सुरखीचे काँक्रीट आहे. या धरणातून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर चुना वाहून जात राहिला आणि पुढे त्यास वेळोवेळी मजबुती द्यावी लागली. मोकळा राहिलेला चुना पाणी पळवून नेते, हा धडा त्यातून मिळतो.

उडत्या राखेचा काँक्रीटमधील पद्धतशीर अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातील रेमंड डेव्हिस व त्यांचे सहकारी यांनी १९३७ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर माँटाना राज्यातील हंग्री हॉर्स धरणात एक लाख टनांहून अधिक राख वापरण्यात आली. हे धरण १९५३ साली पूर्ण झाले.

राख कार्य कशी करते?

राखेच्या काचेसारख्या कणांत मुख्यतः सिलिका व अॅल्युमिना असतात. एकट्या पाण्याशी त्यांचा संयोग होत नाही. परंतु सिमेंटपासून निघालेला चुना मिळाला म्हणजे त्या चुन्याशी त्यांचा सावकाश संयोग होतो आणि बळकटी देणाऱ्या त्याच चिवट जेलची आणखी निर्मिती होते. जो दुबळा, विद्राव्य व शत्रूला आयता सापडणारा पदार्थ होता, त्याचे रूपांतर अविद्राव्य बंधकात होते.

हा नवा जेल छिद्रांमध्ये भरतो आणि एकमेकांना जोडलेल्या नलिका तुटक होतात. छिद्रे सर्वस्वी नाहीशी होत नाहीत. त्यांच्यातील येण्याजाण्याच्या वाटा बंद होतात. वाड्यात दालने अनेक असली, पण मधली दारे बुजविली, तर चोराला आत फिरता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. याखेरीज राखेचे गोल कण मिश्रण सैल ठेवतात, म्हणून पाणी कमी लागते. आणि सिमेंटचे प्रमाण घटल्यामुळे संयोगाच्या वेळी उष्णता कमी निर्माण होऊन अवजड बांधकामांना उष्णतेच्या भेगा पडण्याचा संभव कमी होतो.

आता शत्रूंचा एकेक करून विचार केल्यास लाभ स्पष्ट होतो. सल्फेटला जिप्सम बनविण्यासाठी चुना हवा असतो. तो कमी उरलेला असतो. एट्रिंगाइटला सिमेंटमधील अॅल्युमिनायुक्त संयुग हवे असते. सिमेंटच घटल्याने त्याचेही प्रमाण घटते. क्लोराइडची वाट अरुंद व वळणावळणाची होते, शिवाय राखेतील अॅल्युमिना काही क्लोराइड वाटेतच बांधून ठेवते. खडीवर हल्ला करणारे अल्क राखेच्या अभिक्रियेत गुंतून पडतात. या कारणांमुळे समुद्रातील व खारवट जमिनीतील कामांसाठी राखमिश्रित सिमेंट साध्या सिमेंटहून श्रेयस्कर ठरले आहे. भारतीय मानक १४८९ च्या पहिल्या भागाप्रमाणे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये शेकडा १५ ते ३५ राख घालता येते, आणि देशात विकल्या जाणाऱ्या सिमेंटचा मोठा हिस्सा आज याच प्रकारचा आहे.

मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून राख हे सर्व रोगांवरील औषध आहे असा ग्रह होऊ नये. तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत.

पहिली मर्यादा राखेच्या जातीची. सर्व राख सारखी नसते. काही जातींच्या लिग्नाइटपासून मिळणाऱ्या राखेत चुन्याचा अंश अधिक असतो. अशी राख सल्फेटपासून पुरेसे संरक्षण देईलच असे नाही. न जळलेला कोळसा राखेत अधिक राहिला, तर पाण्याची मागणी वाढते. यास्तव भारतीय मानक ३८१२ मध्ये राखेची सूक्ष्मता, घटक व न जळलेला अंश यांवर बंधने घातलेली आहेत. वीजकेंद्राच्या तळ्यातून उपसलेली ओली, भरड राख आणि यंत्रणेने पकडलेली कोरडी, बारीक राख या दोन वेगळ्या वस्तू होत.

दुसरी मर्यादा अम्लांची. सांडपाण्याच्या बंदिस्त नळांत जंतूंच्या क्रियेने सल्फ्यूरिक अम्ल तयार होते. अशा तीव्र अम्लापुढे सिमेंटचे कोणतेही काँक्रीट टिकत नाही; राखेमुळे झीज मंदावू शकते, थांबत नाही. तेथे पृष्ठभागास अम्लरोधक अस्तर देणे भाग पडते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. राख चुना खर्च करते आणि सळईचे अल्कधर्मी कवच टिकविणारा साठा तर चुन्याचाच असतो. काँक्रीट दाट झाले असेल तर कार्बन डायॉक्साइडला आत शिरता येत नाही आणि लहान साठाही दीर्घकाळ पुरतो. परंतु काँक्रीट विरळ राहिले, तर वायूला वाट मोकळी मिळते आणि त्याला तोंड देण्यास चुनाही थोडाच शिल्लक असतो. अशा स्थितीत राखमिश्रित काँक्रीट साध्या काँक्रीटहून लवकर निकामी होऊ शकते. पूर्णपणे पाण्यात बुडालेल्या भागास हे भय जवळजवळ नसते. कधी ओल्या, कधी कोरड्या हवेत उभ्या असलेल्या शहरातील इमारतींना ते अधिक असते.

पाण्याचे महत्त्व

काँक्रीट दाट होईल की विरळ राहील, हे कशावर ठरते? एक तर मिसळताना किती पाणी घातले यावर, आणि दुसरे म्हणजे घट्ट झाल्यावर त्यास किती दिवस ओले ठेवले यावर. हे दोन्ही नियम वरकरणी परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः तसे नाही. मिश्रणातील जादा पाणी छिद्रे निर्माण करते, तर नंतर मारलेले पाणी ती छिद्रे भरण्यास साहाय्य करते.

राखेचा चुन्याशी होणारा संयोग मंद असतो. तो आठवडे आणि महिने चालू राहतो, पण ओलावा असेल तरच. म्हणून राखमिश्रित काँक्रीट पहिल्या आठवड्यात साध्या काँक्रीटच्या मागे असते. योग्य निगा राखल्यास तीन महिन्यांच्या सुमारास ते त्याची बरोबरी करते आणि पुढे पुष्कळदा त्यास मागे टाकते. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर राखमिश्रित काँक्रीटला किमान १० दिवस ओले ठेवावे लागते, आणि १४ दिवस ठेवावे अशी शिफारस आहे. स्लॅबवर वाफे करून पाणी साठविणे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळणे या साध्या रीती त्यासाठी पुरेशा आहेत. साचे लवकर काढून घेण्याची घाई आणि चौथ्या दिवशी बंद पडणारे पाणी या दोन सवयी राखेचे सर्व गुण वाया घालवितात. असे काम वरून पाहता चांगल्या कामासारखेच दिसते. त्यातील उणीव उघडकीस येते ती पुष्कळ वर्षांनी, तेथे राहणाऱ्या माणसांच्या डोक्यावर.

हा भेद शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली पडताळून पाहता येईल. एक भाग पोझोलाना सिमेंट व तीन भाग वाळू घेऊन दोन सारखे ठोकळे करावेत. एक चौदा दिवस पाण्यात बुडवून ठेवावा. दुसरा दुसऱ्या दिवसापासून तसाच कोरडा ठेवावा. पुढे दोन्ही सहा महिने सावलीत ठेवून फोडावेत आणि ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीनचा द्राव शिंपडावा. अल्कधर्म शाबूत असलेला भाग गडद गुलाबी होतो. कार्बन डायॉक्साइडने व्यापलेली कड रंगहीन राहते. कोरड्या ठेवलेल्या ठोकळ्याची रंगहीन कड अधिक रुंद आढळेल. जुन्या इमारतींची तपासणी करणारे अभियंते हीच कसोटी वापरतात.

मोठ्या कामांतील अनुभव

राखेचे प्रमाण एकतृतीयांशावर नेऊनही उत्तम काँक्रीट करता येते, हे कॅनडात व्ही. मोहन मल्होत्रा यांच्या मार्गदर्शनाखाली १९८५ पासून झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. त्यात बंधक द्रव्यांपैकी निम्म्याहून अधिक भाग राखेचा असे. मात्र पाणी अत्यल्प ठेवून प्रवाहिता वाढविणारे रसायन वापरले जाई. १९९९ साली हवाई बेटांपैकी कावाई येथील एका शिवमंदिराचा पाया पी. कुमार मेहता यांच्या योजनेनुसार अशाच काँक्रीटचा घालण्यात आला. एक हजार वर्षे टिकावा या अपेक्षेने आखलेल्या त्या पायात पोलादी सळई मुळीच नाही. मंदिराच्या शिळा बंगळूरच्या परिसरात घडविण्यात आल्या.

महाराष्ट्रात भंडारदऱ्याजवळील घाटघर प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची असून भारतातील अशा प्रकारची ती पहिली धरणे होत. त्यांच्या काँक्रीटमध्येही बंधकाचा निम्म्याहून अधिक भाग राखेचा आहे. मात्र धरणासारख्या अवजड, सळईविरहित कामात जे प्रमाण योग्य ठरते, ते घराच्या नाजूक खांबास योग्य ठरेलच असे नाही. प्रत्येक कामाचा परिसर, त्यातील पोलाद आणि त्यावरील काँक्रीटच्या आवरणाची जाडी पाहूनच राखेचे प्रमाण ठरवावे लागते.

सारांश

आक्रमक परिसरात काँक्रीटचे आयुष्य त्याच्या बळापेक्षा त्याच्या दाटपणावर अधिक अवलंबून असते. उडती राख दुबळ्या चुन्याचे बंधकात रूपांतर करून हा दाटपणा वाढविते. परंतु त्यासाठी ती दोन गोष्टी मागते, वेळ आणि ओलावा. त्या दिल्यास खारे पाणी आणि सल्फेट यांच्यापुढे ती काँक्रीटचे रक्षण करते; न दिल्यास पोलादाचे असलेले संरक्षणही उणे करते. म्हणून पोत्यावर कोणते सिमेंट लिहिले आहे याची चौकशी करणाऱ्याने आणखी एक चौकशी अवश्य करावी: पहिले चौदा दिवस या कामावर पाणी कोण मारणार आहे?